लाईट आहे, पण पॉवर नाही

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं असेल-नसेल, तेवढ्यात फोन वाजला. "ताई, घरात लाईट आहे, पण पॉवर नाही. इन्व्हर्टर गेला वाटतं." सदाशिव पेठेतले काका, बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक.

मी विचारलं, "दिवे कसे लागतायत काका?"

"दिवे एकदम छान."

"आणि पंखा?"

"पंखा आपला रडतखडत फिरतोय. मिक्सर तर हलतच नाही. फ्रिज मधनंच घुंई करतो आणि गप्प होतो."

"फ्रिजचं बटण आधी बंद करा. मी निघालेच."

दांडेकर पुलावरच्या गर्दीत अडकले होते, तेव्हा डोक्यात काकांचं ते वाक्यच घोळत होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असं कुणी बोललं नसतं. तेव्हा घराघरात काचेचे पिवळे बल्ब होते. व्होल्टेज उतरलं की बल्ब निखाऱ्यासारखा लालसर दिसायचा आणि घरातलं लहान पोरही सांगायचं, "व्होल्टेज डाऊन आहे." आता एलईडी आले. चांगल्या एलईडी दिव्याच्या बुडात एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बाहेरून २३० व्होल्ट येवोत की १५०, आतल्या एलईडींना ते ठरलेला प्रवाहच पुरवतं. म्हणून दिवे लख्ख आणि पंखा, मिक्सर, फ्रिज मात्र गळपटलेले. काकांना जे दिसलं ते त्यांनी बरोबर सांगितलं होतं. 'पॉवर'च्या जागी 'व्होल्टेज' एवढाच बदल हवा होता, आणि इन्व्हर्टरचा काही दोष नव्हता.

त्यांची इमारत जुनी. जिन्याखाली लोखंडी पेटीतला मेन स्विच, त्यात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. पेटीजवळ गेल्यावरच जळक्या बेकलाइटचा वास आला. तरी आधी वर जाऊन स्वयंपाकघरातल्या सॉकेटात मल्टिमीटर लावला. सगळं बंद असताना २२८ व्होल्ट. काका म्हणाले, "बघा, व्होल्टेज तर आहे." मग शेजारच्या सॉकेटात त्यांची १००० वॅटची इस्त्री लावली. मीटर खाली आला, थेट १८५ वर. इस्त्री काढली, पुन्हा २२८.

मधले ४३ व्होल्ट कुठे गेले, हे नीट समजलं की व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट हे चारही शब्द हाताशी येतात, म्हणून इथे थोडी थांबते.

इस्त्रीचा रोध, म्हणजे ओहम, साधारण ५३. तिच्यावर १८५ व्होल्ट आहेत, त्यांना ५३ ने भागलं की कळतं, तिच्यातून साडेतीन अँपिअर वाहतायत. हेच साडेतीन अँपिअर मीटरपासून इस्त्रीपर्यंतच्या प्रत्येक तारेतून, प्रत्येक स्क्रूखालून जातात. वाटेत एखादा जोड सैल असला की तो प्रवाहाला अडवतो. ४३ व्होल्ट तिथेच खर्च होतायत, म्हणजे त्या जोडाचा रोध सुमारे १२ ओहम. घट्ट, स्वच्छ जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागात मोजतात. आता त्या जोडात किती उष्णता निघते ते बघायला ४३ व्होल्टना साडेतीन अँपिअरने गुणा. दीडशे वॅट. जुना शंभराचा बल्ब हाताला चटका द्यायचा, तो आठवा. त्याच्या दीडपट उष्णता एका स्क्रूखाली, लाकडी फळीवर, जिन्याखाली, जिथे घरातली रद्दी रचून ठेवली होती.

काकांच्या नेहमीच्या वायरमनला बोलावून घेतलं. मेन पाडला, टेस्ट लॅम्प लावून तार मेली आहे याची खात्री केली, मग त्याने न्यूट्रल लिंक, म्हणजे परतीच्या तारेचा जोड, उघडली. स्क्रूचं डोकं निळंजांभळं पडलेलं. तारेवरचं काळं पीव्हीसी बोट लावताच भाजलेल्या पापडासारखं मोडून पडलं. आतलं तांबं काळपट, बोटभर लांबीचं तर ठिसूळच झालेलं. वायरमनने तेवढी तार छाटली, नवी थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवली, लिंक बदलली. वर जाऊन पुन्हा इस्त्री लावली, २२६. फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू झाला. काकूंनी चहा टाकला आणि मी काकांना म्हटलं, "ती रद्दी आजच हलवा."

(हे वाचून कुणी आपला मेन स्विच उघडू नये. परवानाधारक वायरमनला बोलवा. मीटर आणि बाहेरून मीटरपर्यंत येणारं सगळं महावितरणचं, त्याचं सील तर वायरमननेही तोडायचं नाही.)

इन्व्हर्टर, यूपीएस, स्टॅबिलायझर यांची दुरुस्ती करता करता माझी वीस वर्षं होत आली. २००५-०६ च्या भारनियमनात मी पॉलिटेक्निकमधून बाहेर पडले, तेव्हा पुण्यात इन्व्हर्टरला नुसती रीघ लागली होती. २००६ मध्ये 'पुणे मॉडेल' आलं. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवून वाचवलेली वीज शहराला मिळाली आणि पुण्याचं भारनियमन टळलं. पण तोवर घरोघरी इन्व्हर्टर बसले होते, आणि ते कसे वापरायचे हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या काळापासून माझं अर्धं काम फोनवरच चालतं. समोरचा माणूस कुठला शब्द वापरतोय आणि त्याला काय म्हणायचंय, हे ओळखायचं. आपल्या बोलण्यात 'लाईट' म्हणजे दिवा, वीजपुरवठा आणि बिलसुद्धा. 'करंट' म्हणजे शॉकही आणि पुरवठाही. 'पॉवर'मध्ये तर काहीही मावतं. घरात बोलायला हे पुरेसं आहे. यंत्र बिघडतं तेव्हा मात्र शब्द चुकला की माणूस चुकीची वस्तू विकत आणतो, आणि खरा बिघाड जिन्याखाली तापत राहतो.

बाबा भवानी पेठेत मोटरी भरायचे. जळालेल्या मोटरीचं जुनं तांबं काढून नवं वाइंडिंग भरायचं काम. मी शाळेत होते तेव्हा 'विभवांतर' आणि 'विद्युतधारा' काही केल्या डोक्यात शिरेनात. पुस्तकात पाण्याच्या टाकीचं उदाहरण होतं: टाकी उंच तर दाब जास्त, नळ मोठा तर धार जास्त. बाबांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, नळाचं पाणी बादलीत पडलं की संपलं, वीज अशी संपत नाही. त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि मला पेडल हाताने फिरवायला लावलं. पेडलवर तू जो जोर देतेस तो व्होल्ट. चेन ज्या गतीने पुढे सरकते तो अँपिअर. चाकाला ब्रेक घासतोय तो ओहम. आणि चेन बघ, वरून पुढे येते आणि खालून मागे जाते. खालची बाजू तुटली तर वरची शाबूत असून उपयोग काय? खालची बाजू म्हणजे न्यूट्रल.

आजही गिऱ्हाइकाला मी चेनच सांगते. पेडल दाबलं की चाक त्याच क्षणी फिरतं, पण चेनची एकेक कडी निवांत पुढे सरकते. तारेतले इलेक्ट्रॉनही असेच अगदी सावकाश सरकतात, बटण दाबल्याचा परिणाम मात्र लगेच. आणखी एक. पेडलवर पाय रोवला आणि ब्रेकही दाबून धरला, तर जोर आहे पण चेन हलत नाही. प्लग न लावलेल्या सॉकेटात नेमकं हेच असतं, व्होल्टेज पूर्ण आणि करंट शून्य. म्हणून "या वायरीत करंट आहे का?" असं विचारलं तरी तपासायचं असतं ते व्होल्टेज.

न्यूट्रलबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण त्याची झळ माझ्या घराला बसलेली आहे.

आई धनकवडीत राहते, बारा फ्लॅटची बिल्डिंग. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, देवघरातला झिरोचा बल्ब डोळे दिपतील असा लागलाय. टीव्हीतून वास येतोय. आणि लाईट असून इन्व्हर्टर बॅटरीवर गेलाय." मी ओरडलेच, "आई, आधी मेन पाड. काही विचारू नकोस, मेन पाड." वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे त्याच वेळी सगळं मंद होतं, त्यांचा गिझर पाणी तापवत नव्हता.

बिल्डिंगमध्ये थ्री फेज येते, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, आर, वाय आणि बी. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. चार फ्लॅट आरवर, चार वायवर, चार बीवर, आणि परतीचा न्यूट्रल सगळ्यांचा एकच. खालच्या पॅनेलमध्ये हा सामाईक न्यूट्रल सुटला की परतीची वाट बंद होते. मग आईच्या घरातून निघालेला प्रवाह वहिनींच्या घरातून वाट काढत दुसऱ्या फेजला जाऊन मिळतो. दोन्ही घरं एका माळेत येतात आणि माळेच्या दोन टोकांना ४०० व्होल्ट. ते कसे वाटले जातात ते बघा. आईकडे टीव्ही, पंखा, दिवे मिळून २०० वॅट, म्हणजे रोध साधारण २६५ ओहम. वहिनींकडे २००० वॅटचा गिझर, म्हणजे २६ ओहम. एका माळेत जिथे रोध जास्त तिथे व्होल्टेज जास्त. आईच्या वाट्याला ३६० च्या वर, वहिनींच्या वाट्याला चाळिसाच्या आत. तिसरी फेज आणि बाकीचे फ्लॅट धरले की आकडे हलतात, पण चाल हीच. ज्या घरात काहीच चालू नाही, एखादाच दिवा लागलाय, त्या घराचं नुकसान सगळ्यात मोठं.

आईचा टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि फ्रिजचं कंट्रोल बोर्ड गेलं. इन्व्हर्टर वाचला, कारण व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो मेनपासून स्वतःला तोडून घेतो. म्हणूनच सांगते, बाहेर लाईट असताना इन्व्हर्टर बॅटरीवर गेला तर त्याला नावं ठेवू नका. तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. चौकशी केली तेव्हा कळलं, पंधरा दिवसांपूर्वी एका ठेकेदाराच्या माणसाने पॅनेलमध्ये काम केलं होतं. तिन्ही फेजचे नट आवळले, न्यूट्रलचा तसाच हातावर सोडला. भरपाई कुणालाच मिळाली नाही. सोसायटीच्या बैठकीत मी जाऊन सांगितलं, पॅनेलचं काम झालं की न्यूट्रलचा नट कुणी आवळला ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आता आईच्या मेन बोर्डात एक व्होल्टेज प्रोटेक्टर आहे. व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की तो घराचा पुरवठा तोडतो. आधीच लावला असता तर गेलेल्या तीन वस्तूंच्या मानाने तो फार स्वस्त पडला असता.

घरातल्या घरात न्यूट्रल तुटला तर खूण वेगळी. काहीच चालत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो. लोक घाबरून फोन करतात, "ताई, दोन्हीकडे फेज आलाय." दुसरा फेज आलेला नसतो. चालू ठेवलेल्या एखाद्या दिव्यातून, पंख्यातून तोच फेज न्यूट्रलच्या तारेत उतरतो आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच थांबतो. वायरमन म्हणतात, रिटर्न येतोय. अशा वेळी "न्यूट्रलच तर आहे" म्हणून काळ्या तारेला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

आता इन्व्हर्टर. दुकानात सगळ्यात जास्त वाद होतात ते व्हीए आणि वॅट यांवरून. "९०० चा इन्व्हर्टर घेतला, मग ९०० वॅट का चालत नाहीत?" ९०० हे व्हीए आहेत. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्हीए. त्यातलं खरोखर कामाला लागतं तेवढं वॅट. जुनी चोकवाली चाळीसची ट्यूब बघा. चोक धरून ती ५५ वॅटच्या आसपास खाते, पण तारेभोवती क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, लावला तर तो ०.४ अँपिअर दाखवतो. २३० ने गुणलं की ९२ व्हीए. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार, तिच्यात चुंबक उभं राहताना ऊर्जा आत जाते आणि चुंबक मावळताना परत येते, सेकंदाला पन्नास आवर्तनं म्हणजे शंभर वेळा. त्या येरझाऱ्यांतून उजेड काही पडत नाही, पण तारेला आणि इन्व्हर्टरमधल्या मॉस्फेटना, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या भागांना, तो प्रवाह वाहावाच लागतो, तापावंच लागतं. वॅटला व्हीएने भागलं की पॉवर फॅक्टर. या ट्यूबचा ०.६. घरगुती ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर बारीक अक्षरात ७०० च्या आसपास वॅट लिहिलेले असतात. तो आकडा बघून लोड ठरवा.

आणि वेळ इन्व्हर्टर ठरवत नाही, बॅटरी ठरवते. दीडशे अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. गिऱ्हाईक लगेच हिशेब करतं, ३०० वॅटला सहा तास. नाही मिळत. एक तर बॅटरीतल्या १२ व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टर आपला वाटा घेतो. ३०० वॅट द्यायला तो बॅटरीतून पावणेचारशेपर्यंत ओढतो, म्हणजे ३० अँपिअरच्या वर. दुसरं म्हणजे तो दीडशेचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे, ताशी साडेसात अँपिअरने. बॅटरीवर सी २० लिहितात ते हेच. ३० अँपिअरने ओढलं तर तीच बॅटरी दीडशे देत नाही, बरंच कमी देते. नवी, चांगली चार्ज झालेली बॅटरी ३०० वॅटला साडेतीन-चार तास चालली तर ती उत्तम आहे. जास्त वेळ हवा असेल तर मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या प्रकारच्या मोटरचा बीएलडीसी पंखा तिशीच्या आत. तीन पंखे बदलले की तेवढ्याच बॅटरीवर रात्र निघते. यात माझी विक्री कमी होते, पण मी हेच सांगते.

बॅटरीच्या पाण्याबद्दल लोक ऐकत नाहीत, म्हणून पुन्हा लिहिते. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी, बस्स. फिल्टरचं नको, उकळून गार केलेलं तर मुळीच नको. उकळल्याने पाण्यातले क्षार जात नाहीत, उलट पाणी उडून जातं आणि क्षार मागे दाट होतात. बाटलीतलं ॲसिडही ओतायचं नाही. बॅटरीतून उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. पाण्याची पातळी दाखवणारा दांडा लाल खुणेपर्यंत उतरण्याआधी बघा. मागच्या आठवड्यात कात्रजहून एक बॅटरी आली. झाकण काढून टॉर्च मारला तर ट्यूबा अर्ध्या उघड्या, पांढुरक्या, उन्हात भेगाळलेल्या चिखलासारख्या. तीन वर्षांची बॅटरी, गेली. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर दिसला तर इन्व्हर्टर बंद करून, तारा काढून गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे उदबत्ती, काडी काही नको. पाटावर बॅटरी आणि वर देव्हारा, असं मी दोन घरांत पाहिलंय आणि दोन्ही ठिकाणी तिथल्या तिथे जागा बदलायला लावली.

'ट्रिप झालं' हा आणखी एक शब्द. काय ट्रिप झालं? एमसीबी की आरसीसीबी? दोन्ही मेन बोर्डातले आपोआप पडणारे स्विच, पण एमसीबी तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. एमसीबीला फक्त प्रवाहाचा आकडा कळतो. सोळाचा एमसीबी सारखा पडतो म्हणून एका क्लासच्या मालकांनी बत्तीसचा टाकून घेतला होता. भिंतीतली तार अडीच एमएमचीच. म्हणजे आता एमसीबी पडायच्या आधी भिंतीत तार जळणार. एमसीबी पडतो तेव्हा लोड कमी करा किंवा तार बदला, एमसीबी वाढवू नका. पूर्वी लोक किटकॅटमध्ये तारेचे चार पदर पिळून घालायचे, तीच ही चूक.

आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात, चेनच्या कड्या मोजतो. वरून किती गेल्या, खालून किती आल्या. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे ०.०३ अँपिअर कुठून तरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत चाललाय, की लगेच तोडतो. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर गेलेल्या सगळ्या कड्या परत येतात आणि त्याला काहीच कळत नाही. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे, बदला. "इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडतो" ही तक्रार तर कायमची. बहुतेक वेळा इन्व्हर्टरचा न्यूट्रल भलत्याच सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. गेलेल्या कड्या एका वाटेने, आलेल्या दुसऱ्या. न्यूट्रल वेगळे केले की थांबतं.

कंप्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, वॉशिंग मशीन ओल्या हाताला चावतं. लोक यंत्र बदलून मागतात. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, गेलेलं असतं ते अर्थिंग, म्हणजे यंत्राच्या पत्र्यापासून जमिनीत जाणारी तार. कंप्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे येणारे दोन बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या मधोमध लोंबकळतो, मीटरवर सुमारे ११५ व्होल्ट दाखवतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. तीन पिनांचा प्लग बघा, वरची पिन जाड आणि लांब असते. आत जाताना ती सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका. आणि झिणझिण्यांना साधं समजून सोडूही नका. मशीनमधली तार खरोखर पत्र्याला लागली असेल तर तिथे पूर्ण २३० असतात.

त्या २३० बद्दलही थोडं. मेनचं व्होल्टेज सतत वर-खाली होत असतं, सेकंदाला पन्नास आवर्तनं. २३० हे त्याचं उष्णतेच्या हिशेबाचं मूल्य आहे, लाटेचं टोक ३२५ ला जातं. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हीच लाट ओबडधोबड पायऱ्यांनी करतो, म्हणून त्यावर पंखा गुणगुणतो आणि मोटर जास्त तापते. फक्त दिवे चालवायचे असतील तर चालेल. पंखे, फ्रिज असेल तर साइन वेव्हच घ्या.

सोसायटीच्या पंपाचा विषय निघाला की मला बाबांचं दुकान आठवतं. जळालेली थ्री फेज मोटर उघडली की वार्निशचा उग्र वास यायचा. बाबा आत एकच नजर टाकून सांगायचे कशाने जळाली. सगळं वाइंडिंग सारखं काळं, तर ओव्हरलोड. दोन फेजचे गट काळे आणि तिसऱ्याचा अजून सोनेरी, तर स्टारमधली मोटर (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) सिंगल फेजिंगने गेली, म्हणजे एक फेज गायब असताना दोनांवरच ओढत राहिली. डेल्टातल्या मोटरीत उलट, एकच गट काळा, दोन शाबूत. चौथीत असताना मला हे ओळखता यायचं. पाच हॉर्सपॉवर म्हणजे पावणेचार किलोवॅट, पण थेट चालू करताना हीच मोटर क्षणभर पाच-सात पट करंट घेते. एक फेज नसेल तर ती फिरायला सुरुवातच करत नाही, तोच मोठा करंट घेत नुसती हुंकारत बसते. तो हुंकार ऐकला की स्टार्टरचं हिरवं बटण पुन्हापुन्हा दाबू नका, लाल दाबा. आणि पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण, आहे का, तो कुणी बायपास तर केला नाही ना, हे वॉचमनदादांना नव्हे, वायरमनला विचारा.

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार. सकाळी लाईट जाते, दुपारी-संध्याकाळी येते, आणि येते तेव्हा सगळ्या गल्लीचे फ्रिज, एसी, पंप एकदम सुरू होऊ बघतात. व्होल्टेज हेलकावे खातं. शिवाय लाईट जाऊन लगेच आली असेल तर फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब अजून समान झालेला नसतो. मोटर तो दाब लोटू शकत नाही, जागच्या जागी अडकते आणि तापते. काकांचा फ्रिज घुंई करून गप्प होत होता, तोही असाच अडकत होता, व्होल्टेज अपुरं म्हणून. तेव्हा गुरुवारी लाईट गेली की फ्रिजचं बटण बंद करून ठेवा, आणि परत आली की पाच मिनिटं थांबून मग चालू करा.